सयाबाईची बांधी

मी मोहाटोल्याच्या शाळेत रुजू झालो त्या दिवशी विज्ञानाच्या कपाटात चौदा वस्तू होत्या. लोहचुंबक दोन, त्यातला एक तुटलेला. परीक्षानळ्या पाच. नरसाळे एक. थर्मामीटर एक, पारा तीन ठिकाणी तुटलेला. ताणकाटा एक, हूक नसलेला. स्पिरिटचा दिवा एक. भिंग एक. काचेची चौकोनी टाकी एक, हातभर लांब आणि वीतभर रुंद. आणि बाटलीत बुडवून ठेवलेला एक विंचू. तो कोणी आणि कधी ठेवला हे देवाजी हेडमास्तरांनाही ठाऊक नव्हते.

पुढच्या वर्षी, म्हणजे १९७३ च्या जूनअखेर, सायोको आली. तिने कपाट उघडले, सगळ्या वस्तू टेबलावर मांडल्या आणि मोजल्या. तिचेही उत्तर चौदा आले. विंचू धरून. तेवढ्यावर आमची मैत्री झाली.

सायोको जपानची. वय तेवीस, माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठी. मी नागपूरहून बी.एस्सी. झालो होतो, रसायनशास्त्र घेऊन. तिचा विषय भौतिकशास्त्र. तिच्या देशातल्या एका संस्थेने तिला दोन वर्षांसाठी पाठवले होते, खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवायला, बिनपगारी. येण्याआधी तीन महिने पुण्यात राहून ती मराठी शिकली होती. ती मराठी शुद्ध होती आणि मोहाटोल्यात तिचा फारसा उपयोग नव्हता. "आपण थोडं सरकून बसाल का?" असे ती सातवीच्या पोरांना म्हणाली की पोरे मागे वळून बघायची, कोणी मोठा माणूस आला की काय म्हणून. मी जवळच्याच एकोडी गावचा. त्यामुळे दोन्ही मराठींच्या मध्ये उभे राहण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले.

तिचे नाव गावाने दोन दिवसांत सोपे करून घेतले. सायोकोची झाली सयाबाई.

गावाला तिच्या भौतिकशास्त्रात रस नव्हता. त्याचे कारण सरपंच वासुदेवरावांच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, भिंतीवर लावलेले होते. छप्पन-सत्तावन सालच्या सुमारास ग्रामसेवकाने गावात जपानी पद्धतीच्या धानशेतीचा प्रचार केला होता. त्या वेळचे रंगीत पोस्टर वासुदेवरावांनी काचेच्या चौकटीत बसवून घेतले होते. गवताची टोकदार टोपी घातलेला एक जपानी माणूस बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, वाकून दोरीच्या ओळीत धान लावतो आहे, असे ते चित्र. तेव्हा गावात दोन-चार जणांनी दोरी धरून पाहिली. पण बायकांना दोरीचा कंटाळा आला, पुढे दोरी विहिरीला लागली, आणि पद्धत बंद पडली. पोस्टर मात्र राहिले. आणि आता इतक्या वर्षांनी त्या पोस्टरातल्या देशाचे माणूस चालत गावात आले होते.

पहिल्याच संध्याकाळी वासुदेवरावांनी आम्हाला चहाला बोलावले.

"सयाबाई, तुमच्या इकडं एकरी किती खंडी धान होते जी?"

"मला माहीत नाही," सायोको म्हणाली. "मी कधी भात लावला नाही. आमचं शहर बंदराचं आहे. घरासमोर जहाजं होती."

वासुदेवराव प्रसन्न होऊन माझ्याकडे वळले. "पाय मास्तर, पाय! किती नम्र बाई आहे. मोठ्या मानसाचं असंच असते. ज्याले येते तो नाही म्हनते. ज्याले येत नाही तो ग्रामसेवक होते."

सपरीत बसलेले पाचसहा जण हसले. त्यांत गोपीचंदही होता. तलावाखाली त्याची चार बांध्यांची शेती होती आणि दुसऱ्याने काही नवे केले की आपण मागे राहू नये याची त्याला फार काळजी असे. सायोकोने तीच गोष्ट पुन्हा, जरा हळू आणि स्पष्ट सांगितली. गोपीचंद वासुदेवरावांच्या कानाशी लागून म्हणाला, "दोनदा नाही म्हनली. म्हंजे खूपच येत असन."

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू रुखमिणीची.

सातवीत अकरा मुलगे आणि चार मुली होत्या. रुखमिणी त्या चारांतली. बाटलीतला विंचू खरेच एवढा मोठा आहे की बाटलीतल्या पाण्यामुळे मोठा दिसतो, हा प्रश्न तिने सायोकोला पहिल्याच तासाला विचारला. सायोकोने बाटली सरळ रुखमिणीच्या हातात दिली. रुखमिणीने चिमट्याने विंचू बाहेर काढला, पट्टीवर ठेवला, मोजला आणि परत आत सोडला. मग वर्गाला म्हणाली, "लहान आहे. उगाच भेव दाखवून राहिला होता."

आदल्या वर्षीही सातवीत चारच मुली होत्या. जुलैत रोवणी सुरू झाली तेव्हा त्या धान लावायला गेल्या. रोवणी म्हणजे आमच्याकडे आईबरोबर सहज शेतात जाणे नव्हे. बायकांची टोळी असते, ती मालकाकडून रान गुत्त्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेत अंगावर, घेते आणि टोळीत प्रत्येकीची जागा ठरलेली असते. मुलीला एकदा जागा मिळाली की ती बाईत मोजली जाते. मग निंदणीलाही तीच, कापणीलाही तीच, आणि उन्हाळ्यात लग्न. त्या चार मुलींपैकी एकही शाळेत परत आली नाही.

जुलैच्या पहिल्या शनिवारी रुखमिणीची आई वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. कुंताबाई. बारा बायकांच्या टोळीची ती मुख्य. वासुदेवरावांचे बारा एकर तिच्या टोळीने घेतले होते. ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"मास्तर जी, रुखमीचं नाव काटून टाका."

"काहून?" मी विचारले.

"काहून म्हंजे? रोवना आला. रंभाबाईले आठवा लागला, थे काय वाकनार हाये? बारावा हात पायजे मले. अकरानं नाही होत, बाकीच्या बोंबलतेत."

"महिनाभरानं परत पाठवाल?"

कुंताबाई हसली. "मास्तर, तुमी एकोडीचे ना? मंग काहून पुन्यासारखं विचारून राहिले?"

रुखमिणी बाकावर मान खाली घालून बसली होती. सायोकोने मला विचारले, काय चालले आहे. मी सांगितले. तिने जरा विचार केला. तिला विचार करायला फार वेळ लागत नसे.

"कुंताबाई, तुम्हाला बारावा हात हवा आहे. रुखमिणीच हवी असं नाही ना?"

"हात पायजे."

"मग मी येते. रोवणी संपेपर्यंत रोज. रुखमिणी शाळेत राहील."

मी म्हणालो की तिचे तास मी घेईन. देवाजी हेडमास्तरांना विचारले, तर ते म्हणाले, "ज्याले पगार नाही, त्याले रजा कायले लागते गा?"

कुंताबाईने सायोकोचा उजवा हात धरून उलटासुलटा करून पाहिला, वांगे पाहावे तसा. "गाव म्हनते तुले येते. हा हात त म्हनत नाही."

"येत नाही. शिकेन."

"शिकशीन, पन माह्या टोळीत नाही शिकाचं. एकीचे पऱ्हे तरंगले त साऱ्या टोळीचं नाव जाते." तिने शाळेमागे बोट दाखवले. "थे शाळेची बांधी आहे ना? थे लाव. आठ दिसांनी मी पायीन. दहात एक गेला त जाऊ दे, माह्याही हातून जाते. दोन गेले, त रुखमी बांधीत. मंग कोनी मले काही सांगाचं नाही."

"मान्य," सायोको म्हणाली.

पऱ्हे म्हणजे धानाची रोपे. वाफ्यात दाट पेरलेली रोपे वीतभर झाली की उपटायची आणि तीनतीन-चारचार एकत्र धरून बांधीतल्या चिखलात रोवायची. अशा एका जुडग्याला चूड म्हणतात. शाळेची बांधी लहान होती. मी ठरवले की ती लावून झाली की मधोमध सहा ओळी दोन काठ्यांनी आखून घ्यायच्या, प्रत्येक ओळीत चाळीस चूड. म्हणजे दोनशे चाळीस. त्यातले चोवीस गेले तरी चालणार होते. पंचविसावा नाही.

कुंताबाई तेवढ्यावर सिहोऱ्याच्या बाजाराला निघून गेली, कसे लावायचे ते तिला कोणी विचारलेच नाही, आणि इथेच चूक झाली. सोमवारी सायोको बांधीत उतरली तेव्हा तिला काही सांगू शकणारी एकही बाई तिथे नव्हती. पुरुष मात्र भरपूर होते. शाळेची बांधी तलावाला लागून आहे, आणि तलावाच्या पारीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, निम्मे गाव जपानी पद्धत पाहायला येऊन बसले होते. वासुदेवरावांनी घरून दोरी पाठवली होती, वीतवीतभर अंतरावर गाठी मारून.

मी सातवीचा वर्ग घेऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या कडेच्या वरंब्यावर, उभा होतो. सायोकोने दोरी ताणली, डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंढी धरली आणि गाठीपाशी चूड लावत पुढे चालू लागली. माझे घर एकोडीचे असले तरी आमचे किराण्याचे दुकान. रोवणी मी जन्मभर लांबून पाहिली होती. पाय कुठे पडतात ते कधी पाहिले नव्हते. मला त्यात वावगे काही दिसले नाही.

रुखमिणीला दिसले. "बाई," ती ओरडली, "मांगं मांगं जा लागते!"

पारीवरून गोपीचंद खेकसला, "चूप व पोरी! थे जपानी पद्धत आहे. तुह्या मायची नाही."

"पन पाय चुडावर..."

"चूप म्हनलं ना! मोठी आली सांगनारी."

वाऱ्यात सायोकोला काही ऐकू आले नाही. तिने दुपारपर्यंत मधली सगळी जागा लावून काढली. थोडी पऱ्हे उरली होती, ती सातवीच्या चार मुलींनी मधल्या सुटीत कोपऱ्यातल्या तुकड्यात लावून टाकली. तो त्यांचा खेळ होता. त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बांधीवर गेलो. वारा तलावाकडून वाहत होता आणि दुसऱ्या टोकाच्या धुऱ्याला पऱ्हे येऊन लागली होती. मुळे वर, पाने खाली.

मी सायोकोला बोलावून दाखवले. ती धुऱ्यावर बसून पाहू लागली. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हते. एखादे उपकरण अपेक्षेपेक्षा वेगळा आकडा दाखवू लागले की पाहावे तसे ती पाहत होती.

"अजून पाच दिवस आहेत," मी म्हणालो. "वाफ्यात अजून पऱ्हे आहेत. शाळेच्या आधी मुलं येतील आणि पडलेल्या जागा भरून टाकतील. कुंताबाई यायच्या आत सगळं हिरवं होईल."

"मग कुंताबाई काय मोजतील?"

"दोनशे चाळीस."

"कोणाचे?"

तेवढ्यात पारीवरून गोपीचंद खाली आला. तो खुशीत होता.

"सयाबाई, मी बी लावली जी एक बांधी! तुमच्यासारखी. सामोर, सामोर चालत. बायको आयकत नव्हती. मी म्हनलं, सामोर चाल, जपान काय मांगं गेला काय? दिसभर भांडली माह्याशी."

सायोकोने माझ्याकडे पाहिले. "समोर चालत, म्हणजे?"

मग सगळाच उलगडा झाला. रुखमिणी काय ओरडली होती आणि तिला कोणी गप्प केले, हे मी सायोकोला सांगितले. आणि दुपारी कुंताबाई स्वतः शाळेत आली. या वेळी ती उंबऱ्यावर थांबली नाही.

"पाय बाई, तुह्या पायी काय होऊन राहिलं! वासुदेवराव म्हनते, बारा एकर जपानी पद्धतीनंच रोवा. सामोर चालत! मी म्हनलं, मालक, वीस वर्सं मी रोवून राहिली, सामोर चाललं का आपल्याच खुराच्या खड्ड्यात चूड पडते. त म्हनते, कुंता, तू जपानहून आली का थे आली?"

मला त्या क्षणी दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. बांधी गुपचूप भरून घेतली तर रुखमिणी शाळेत राहत होती, आणि रोवणी होताच बारा एकर धान धुऱ्याला लागणार होते. खरे सांगितले तर बारा एकर वाचत होते आणि रुखमिणी जात होती. सायोकोलाही ते दिसले असणार. तिने रुखमिणीकडे एकदा पाहिले आणि मला म्हणाली, "मुलींचा तो कोपरा. पऱ्हे तीच होती ना?"

"तीच."

"दिवस तोच, पाणी तेच, चिखल तोच." ती हसली. "घनश्याम, आपल्याकडे तुलनेचा तुकडा आहे. न मागता मिळाला."

मी सांगितले की नुसते येत नाही म्हणून चालणार नाही. ते दोनदा म्हणून झाले होते.

"म्हणून आता म्हणायचं नाही," ती म्हणाली. "मोजायचं."

त्या दिवशी आम्ही कपाटातली काचेची टाकी बाहेर काढली. मुलांनी तिच्यात बांधीतला चिखल वीतभर भरला, वर चार बोटे पाणी सोडले. काचेला अगदी लागून एका टोकाला सायोकोने चूड लावला, दुसऱ्या टोकाला रुखमिणीने. बाहेरून सगळे दिसत होते. सायोकोची बोटे सरळ आत गेली आणि सरळ बाहेर आली. मागे एक भोक राहिले, त्यात पाणी शिरले, आणि चूड मिनिटभराने आपोआप कलंडून वर आला. रुखमिणीची बोटे आत गेली आणि बाहेर येताना तिने ती जराशी वाकवून चिखल मुळांवर ओढून घेतला. भोक बंद. मुले काचेला नाक लावून पाहत होती.

"पुन्हा कर," सायोको म्हणाली. रुखमिणीने सात वेळा केले. मग सायोकोने केले. पाचव्या वेळेला तिचा चूड उभा राहिला.

"आता समोर चालून दाखवा बाई," वर्गातून कोणीतरी म्हणाले. सायोकोने मूठ टाचेसारखी चिखलात दाबून खड्डा केला. तिच्या शेजारचा चूड खड्ड्याकडे सरकला आणि आडवा झाला. वर्ग एकदम ओरडला, कबड्डीत गडी पडावा तसा.

शुक्रवारी संध्याकाळी तिने सगळ्या गावाला शाळेच्या बांधीवर बोलावले. वासुदेवराव आले, गोपीचंद आला, कुंताबाईची सगळी टोळी आली. रंभाबाई पारीवर घोंगडी अंथरून बसली. मी काठ्या रोवल्या. मधल्या सहा ओळी, सायोकोच्या. कोपऱ्यातल्या सहा ओळी, मुलींच्या. दोन्हीकडे मुळात दोनशे चाळीस. दोन मुलांनी मोठ्याने मोजले, मी मागून पडताळले.

कोपऱ्यात दोनशे तेहतीस उभे होते. मध्ये एकशे एकतीस.

"ही जपानी पद्धत नाही," सायोको मोठ्याने म्हणाली. "ही माझी चूक आहे. मला भात लावता येत नाही. कोपरा या चार मुलींनी लावला. त्या मागे मागे गेल्या."

वासुदेवरावांनी टोपी काढून डोके खाजवले. "म्हंजे खरंच नाही येत?"

"खरंच नाही."

"मंग आमचं पोस्टर?"

हा प्रश्न मीही स्वतःला विचारला होता आणि दुपारीच त्यांच्या सपरीत जाऊन आलो होतो. "वासुदेवराव, पोस्टर पाहा. त्या मानसाच्या तोंडापुढं लावलेलं धान आहे. पाठीमागं नुसता चिखल. थो बी मांगंच जाऊन राहिला आहे."

दोन पोरे पळत जाऊन चौकट उतरवून घेऊन आली. सगळे तिच्याभोवती गोळा झाले. वासुदेवरावांनी धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि खूप वेळ पाहिले.

"सतरा वर्सं टांगून ठेवलं," ते म्हणाले. "एकाही बेट्यानं सांगितलं नाही."

"मालक, तुमीच त रोज पायत होता," रंभाबाई पारीवरून म्हणाली, आणि टोळी खदखदून हसली.

"अन माही बांधी?" गोपीचंद म्हणाला. "माही त गेली ना!"

"जाय ना," कुंताबाई म्हणाली. "सामोर चालत जाय, अन येचून आन. बायकोची माफी मांग पयले."

बारा एकरांचा प्रश्न तिथेच मिटला. पण कुंताबाई सायोकोजवळ आली तेव्हा तिचे हसणे थांबले होते.

"सौदा सौदा असते बाई."

"हो," सायोको म्हणाली. "मी हरले. तुमची टोळी उतरते कधी?"

"येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या. पऱ्हे लहान आहेत मालकाचे."

"मग दिवस आहेत. मी ही बांधी पूर्ण उपटते आणि उद्या पुन्हा लावते. रुखमिणी शिकवेल. तोच सौदा, तेच माप."

कुंताबाईने रुखमिणीकडे पाहिले. रुखमिणीने पदर खोचावा तसा परकर वर खोचून घेतला होता, जणू उद्या आताच सुरू व्हायचा आहे.

"आज तुह्यापायी बारा एकराचा ताप गेला माहा," कुंताबाई म्हणाली. "दुसरी कोनी असती त चूप रायली असती, मले मालूम आहे. लाव आनखी एकडाव. पन आता मोजीन मी. तुमचं मास्तर लोकांचं मोजनं मले समजत नाही."

शनिवारी रोवणी झाली. रुखमिणी धुऱ्यावर उकिडवी बसून हुकूम सोडत होती.

"बाई, मांगं. आनखी मांगं. कंबर खाली. पेंढी कायले कवटाळून राहिल्या, लेकरू आहे का थे?"

"बोटं बरोबर आहेत?"

"बोटं बरोबर. पाय हत्तीचा."

सायोको हसली आणि पाय हलका टाकू लागली. तिचा वेग आधीच्या निम्मा होता. चूड लावला की ती दोन बोटांनी हलकेच ओढून पाहायची. सुटला तर पुन्हा. दुपारी मी भाकर घेऊन गेलो तेव्हा ती बांधीच्या मध्यावर होती आणि तोंडावर चिखल होता. मी विचारले, कसे वाटते. "मला आता कळलं," ती म्हणाली, "हे चिखलातलं भौतिकशास्त्र आहे. माझाच विषय आहे." संध्याकाळी शेवटची ओळ लागली तेव्हा रुखमिणीने बांधीला एक चक्कर मारली आणि मास्तरासारखे म्हणाली, "चालन."

मंगळवारी तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला. शाळेच्या बांधीत पाणी चढले आणि चुडांची नुसती टोके वर राहिली. मी बातमी द्यायला ताराबाईंच्या घरी गेलो, तिथे सायोको राहत असे. ती घरात नव्हती. ती आणि रुखमिणी आधीच धुऱ्यावर होत्या. रुखमिणीने फावड्याने धुऱ्याला वाट केली, सायोकोने दगड लावून ती वाट जेवढ्यास तेवढी ठेवली, म्हणजे पाणी हळू उतरेल आणि ओढीने चूड सुटणार नाहीत. बांधी पुन्हा चार बोटांवर आली तोवर शाळेची घंटा झाली होती. दोघी तशाच ओल्या वर्गात आल्या.

"गेले असतील का?" मी हळूच विचारले.

"काही गेले," सायोको म्हणाली. "किती ते रविवारी समजेल." आणि फळ्याकडे वळून तिने त्या दिवसाचा धडा लिहायला घेतला.

रविवारी कुंताबाई एकटीच आली. काठ्या मी आधीच रोवून ठेवल्या होत्या. तिने त्या एकदा हलवून पाहिल्या, साडी गुडघ्याच्या वर खोचली आणि बांधीत उतरली. ती विसांनी मोजायची. वीस झाले की एक कोडी, आणि प्रत्येक कोडीला ती धुऱ्यावर एक खडा ठेवायची. पूर्ण बारा खडे कधीच होणार नव्हते, हे आम्हाला ठाऊक होते. दहा खडे आणि वर सोळा चूड झाले तर रुखमिणी शाळेत.

चूड नुसता उभा दिसला म्हणून ती मोजत नव्हती. प्रत्येकाला ती बोटाने ढकलून पाहत होती. दोनतीन तिच्या बोटाखाली आडवे झाले. ते तिने उपटून धुऱ्यावर फेकले. मी धुऱ्याने तिच्या बरोबरीने चालत माझे मोजत होतो. रुखमिणी शाळेच्या पायरीवर बसली होती. सायोको तिच्या शेजारी.

सहावी ओळ संपली तेव्हा कुंताबाईने कंबर सरळ केली, हात पाण्यात धुतले आणि धुऱ्यावर येऊन खडे पाहिले. मग माझ्याकडे वळली.

"तुमचे किती जी मास्तर?"

"दोनशे एकोणीस," मी म्हणालो. "तुमचे?"

"दहा कोड्या आन् एकोनीस."